फांगबाईंची डावी बाजू

फांगबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फरशी पुसत होत्या, आणि त्यांच्यावर अन्याय होतोय हे मी दारातूनच ठरवून टाकलं होतं.

माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. ऑफिसं साफ करणाऱ्या कामगारांना दोन पाळ्यांच्या मधे धड विश्रांती मिळत नाही, त्याबद्दलची पत्रकं. न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या आमच्या कम्युनिटी हॉलच्या फळ्यावर ती लावायला मी गेले होते. आत निळ्या मॅटवर एक चिनी बाई अनवाणी पोछा मारत होती. वय पस्तिशीच्या पुढे, केस मागे करकचून बांधलेले, पोटऱ्या दगडाच्या. दारावर कागद होता : किकबॉक्सिंग, संध्याकाळी सहा. म्हणजे सहा वाजता कुणीतरी धटिंगण येणार, कोच म्हणून मिरवणार, आणि त्याची मॅट ही बाई पुसणार. मी तिथेच सुरू झाले. तुमचा हक्क काय, तक्रार कुठे करायची, घाबरायचं कारण नाही, आम्ही आहोत. त्या ऐकत होत्या. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं.

"बूट," त्या म्हणाल्या. "मॅट."

त्यांच्या ओल्या मॅटच्या मधोमध मी चिखलाचे बूट घालून उभी होते.

मग धटिंगण आला. सहा फुटांचा, दाढीवाला डेव्ह, पेशाने प्लंबर. दारात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून तो त्या बाईंसमोर झुकला आणि म्हणाला, "कोच, बादली मी उचलू का?"

"नको," फांगबाई म्हणाल्या. "तू सांडतोस."

लाज वाटली की माणूस निघून जातो. मला लाज वाटली की मी तिथेच उभी राहते. चळवळीत लागलेली सवय. तो वर्ग संपेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पुढच्या मंगळवारी पँट बदलून गेले. मॅट कोचने का पुसायची, हे मी त्यांना कितीतरी दिवसांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिकडे टीममध्ये लहान मुली पुसायच्या. मोठ्या घसरायच्या. मी पुसते, म्हणून मला माहीत आहे शिवण कुठे उसवलीय." आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांचं तुटक, माझं लांबलचक. इथे मराठीत लिहिते आहे, पण तो तुटकपणा त्यांचाच आहे, तो मी भरून काढणार नाही.

आणि माझं पत्रकही चुकीचं नव्हतं बरं का. फांगबाई पहाटेपासून दुपारपर्यंत वेलिंग्टनमधली ऑफिसं साफ करायच्या. पत्रकातली बाई त्या होत्याच, फक्त या मॅटवर नव्हत्या. पंधरा दिवसांनी त्यांनी मला घडी घातलेलं तेच पत्रक परत दिलं. मागे त्यांच्यासकट चार जणींच्या सह्या होत्या.

त्यांची हकीकत त्या कधी सलग सांगत नसत. मोज्यात पाय घालताना एक वाक्य, फ्लास्कचं झाकण फिरवताना दुसरं. हुनानमधलं एक लहान गाव, वडील सिमेंटचा ट्रक चालवायचे. अकराव्या वर्षी क्रीडाशाळेची निवड झाली. मुलींना रांगेत उभं केलं आणि प्रशिक्षकाने एकेकीच्या नाकासमोर अचानक टाळी वाजवली. बाकीच्यांनी डोळे मिटले. ह्यांनी मिटले नाहीत. "मिटले असते तर आज मास्तरीण असते," त्या म्हणायच्या. ह्यांना सांदामध्ये घातलं. सांदा म्हणजे लाथाबुक्क्यांबरोबर उचलून आपटणंही चालतं तो चिनी प्रकार. मग प्रांताची टीम, मग गुडघा, मग सव्विसाव्या वर्षी टीमचा निरोप. ऑकलंडमध्ये कुणाचा तरी खेळाडू आयत्या वेळी गळाला म्हणून बदली खेळाडू म्हणून बोलावणं आलं. दुसऱ्या फेरीत जिंकल्या. जाहिरातीवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'चायना' लिहिलं होतं. मी हे ऐकून उसळले. त्या म्हणाल्या, "चायना खूप मोठा आहे. मला बरं वाटलं."

वर्गात कुणालाच नाव नव्हतं. प्रत्येकाला त्याच्या चुकीवरून हाक. डेव्ह म्हणजे 'हनुवटी', कारण तो ती वर करून चालायचा. एक नर्स होती ती 'खांदा'. मी 'तोंड'. ठोसा मारताना माझं तोंड उघडं राहायचं, आणि उघड्या तोंडावर मार बसला की जबडा जातो. "तोंड, बंद," एवढं त्या एका तासात चाळीस वेळा म्हणायच्या. माझं खरं नाव मुक्ता, हे त्यांना आठ महिन्यांनी कळलं. शाबासकी हा प्रकार नव्हता. लाथ चुकली की म्हणायच्या, "परत." लाथ बरोबर बसली तरी "परत." फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी त्या फ्लास्कमधलं गरम पाणी एक घोट प्यायच्या. आम्ही त्या घोटासाठी जीव टाकायचो. उन्हाळ्यातही गरम पाणी. डेव्हने बर्फाची बाटली तोंडाला लावली की त्या असा चेहरा करायच्या, की जणू तो गटारातलं पितोय.

एकदा वर्गानंतर फांगबाई आणि मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला गेलो. तिथल्या एका गिऱ्हाइकाने ह्यांचा ट्रॅकसूट पाहिला आणि मांजरासारखे पंजे करून, गुडघ्यात वाकून 'हा, हू' असे आवाज काढले. 'कुंग फू, कुंग फू!' मी त्याला धरलं. त्याच्या आजोबांपासून सरकारच्या धोरणापर्यंत सगळं ऐकवलं. तो माफी मागून सटकला. बाहेर आलो तर फांगबाईंनी विचारलं, "किती वेळ भांडलीस?"

"पाच मिनिटं तरी."

"मी दूध घेतलं." दहा पावलं गेल्यावर म्हणाल्या, "पण पाय नीट होते तुझे. टाच वर होती."

त्यांच्यासाठी मी लिहिलेल्या एकुलत्या एक पत्रकाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यानंतर मी पूर्वीसारखं लिहू शकले नाही. ख्राइस्टचर्चला त्यांची किताबाची लढत होती. समोर ब्रूक, तिथलीच, वयाने तेरा वर्षांनी लहान. पाच फेऱ्या झाल्या. पाचातल्या तीन फांगबाईंच्या होत्या हे हॉलमधल्या लहान पोरांनाही दिसत होतं. हात वर झाला ब्रूकचा. फांगबाईंनी तिला मिठी मारली, हातांच्या पट्ट्या सोडल्या, बॅग भरली. मी मात्र विमानातच लिहायला घेतलं. मथळा होता : 'पंचांना डोळे आहेत का?' दोनशे प्रती छापल्या. परदेशी, साफसफाई करणारी, एकटी बाई, तिच्या हक्काचा पट्टा घरच्या पोरीला दिला. एकेक वाक्य कसं ठणठणीत.

वाटायच्या आधी एक प्रत त्यांना दिली. त्यांनी डब्यातून लाल पेन काढलं आणि मॅटवर मांडी घालून तासभर वाचत बसल्या. परत आलं तेव्हा समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. दुसरी फेरी : माझा उजवा हात खाली. तिसरी फेरी : दोनदा तोल गेला. चौथी : थकले, दहा सेकंद नुसती धरून उभी. ब्रूकची खालची लाथ फार चांगली, हे लिहिलं नाहीस. अगदी शेवटी : पंचही चुकले.

"अहो, म्हणजे काय," मी भडकले. "अन्याय झाला की नाही झाला?"

"झाला."

"मग हे सगळं कशाला? ह्याने आपली बाजू लंगडी पडते!"

"दोन्ही खरं आहे," त्या म्हणाल्या. "तू अर्धंच लिहिलंस. अर्धं वाचून माणूस चिडतो. पूर्ण वाचून विश्वास ठेवतो."

ती दोनशे पत्रकं मी वाटली नाहीत. पुन्हा लिहिलं ते त्यांच्या चुकांसकट. ते पंचांच्या मंडळापर्यंत गेलं, आणि काही महिन्यांनी पत्र आलं, की दोघींची लढत पुन्हा व्हावी. या वेळी लोअर हटला. माझ्या पत्रकाने काहीतरी घडल्याची ती पहिली वेळ. श्रेय लाल पेनाला.

पण मधल्या काळात दुसरं काही घडलं होतं. ख्राइस्टचर्चहून आल्यावर तीनएक आठवड्यांनी, ऑफिसातल्या काचा पुसताना, फांगबाईंच्या डाव्या डोळ्यात विजा चमकायला लागल्या. अंधारातही. डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता. लेझरने शिवला. वर्षभर जपल्यावर, लढतीसाठी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सही केली, पण पेन खाली ठेवण्याआधी तीन गोष्टी सांगितल्या. पुन्हा विजा दिसल्या, काजळीसारखे ठिपके दिसले, किंवा कडेने काळी सावली सरकत आली, तर त्या क्षणी थांबायचं. त्यानंतर बसणारा एक ठोसा आणि तो डोळा कायमचा जाऊ शकतो. मी शेजारच्या खुर्चीत होते. बाहेर आल्या आल्या मी म्हणाले, "लढायचं नाही. संपलं."

दोन दिवसांनी वर्गानंतर त्यांनी मला एकटीला थांबवलं आणि एक पांढरा टॉवेल हातात दिला. आमच्या खेळात कोपऱ्यातल्या माणसाने रिंगमध्ये टॉवेल टाकला की लढत तिथेच संपते. टाकणाऱ्याचा खेळाडू हरतो.

"हा तुझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे? डेव्ह तुमच्या कोपऱ्यात आठ वर्षं उभा राहतोय."

"डेव्हला मी जिंकायला हवी आहे. तो टाकणार नाही. तू टाकशील. हजार लोकांनी शिव्या दिल्या तरी तुला काही होत नाही, मी पाहिलंय."

"आणि मला कसं कळणार? तुम्ही सांगाल?"

"नाही. मी खोटं बोलेन," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "मी म्हणेन, घाम आहे. मी म्हणेन, टाकू नकोस. तेव्हा टाक."

मग आम्ही युक्ती ठरवली. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात त्या स्टुलावर बसतील, समोर बघतील. पाण्याची बाटली मी त्यांच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोडी पुढे धरायची. मान न वळवता हात बाटलीवर आला, तर डोळा ठीक. मान वळली, तर सावली आली. आम्ही हे हॉलमध्ये रोज केलं. स्टूल, बाटली, हात. परत. परत.

ह्याच दिवसांत आई आली. माझी आई नागपूरच्या एका प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. सहा महिने माझ्याकडे राहायला आलेली. तिला इथे करमत नव्हतं, म्हणून ती सकाळी हट नदीच्या काठाने फिरायची. चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "काहून गं, इथल्या बाया उन्हात रेनकोट घालून पळतात काय?"

तो रेनकोट नव्हता. वजनाच्या गटात बसायला घाम काढायचा, त्यासाठीचा प्लास्टिकचा सूट होता. आत फांगबाई होत्या. मी आईला समजावलं की लढतीआधी त्यांना साडेचार किलो उतरवायचे आहेत, म्हणून जेवणही तोडलंय. या वजन उतरवण्याच्या प्रकाराबद्दल माझं मत ऐकवायचं तर वेगळं पत्रक लागेल. माणसाला सुकवून तराजूवर उभं करायचं आणि मग दुसऱ्या दिवशी डोक्यात मार खायला पाठवायचं, हा खेळाचा नियम म्हणे! आईचं मत छोटं होतं. "एवढी मोठी बाई उपाशी? अन् तुम्ही सगळे पाहत बसले?"

दुसऱ्या दिवशी आई नदीवर डबा घेऊन उभी. "जयभीम," ती फांगबाईंना म्हणाली, सगळ्यांना म्हणते तसं. फांगबाई थांबल्या, घाम पुसला, म्हणाल्या, "जयभीम." त्यांना वाटलं हे आमचं 'हॅलो' आहे, आणि ते काही चुकीचं नव्हतं. डबा त्यांनी उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि आईच्या हातात परत दिला. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला, पाच बोटं दाखवली. पाच दिवसांनी. आई रोज जात राहिली. रिकाम्या हाताने जायची आणि त्यांच्या मागे बाकावर बसून मोठ्याने फेऱ्या मोजायची. मराठीत.

लढत शनिवारी दुपारी. हॉल भरलेला, बहुतेक आपलीच माणसं. वर्गातली, फांगबाईंच्या सफाईच्या कामावरची, पलीकडच्या रस्त्यावरचे शेजारी. आई दुसऱ्या रांगेत, पदर घट्ट धरून. कोपऱ्यात डेव्ह आणि मी. टॉवेल माझ्या खांद्यावर.

पहिली फेरी ब्रूकची. दुसरी, तिसरी फांगबाईंची. इतक्या स्वच्छ की डेव्हने माझा दंड दाबून काळानिळा केला. दरवेळी मी डाव्या बाजूला बाटली धरली, दरवेळी समोर बघत बघत त्यांचा हात तिच्यावर आला. चौथ्या फेरीत त्यांनी ब्रूकला दोरांवर नेलं आणि शेवटच्या वीस सेकंदांत तिला खाली पाडलं. हॉल उभा राहिला. ब्रूक उठली, पण जाता जाता तिचा एक आडवा ठोसा ह्यांच्या कानशिलावर बसला. घंटा झाली.

फांगबाई स्टुलावर बसल्या. मी बाटली धरली. हात मांडीवरच.

"पाणी," त्या म्हणाल्या.

"धरलंय कोच."

त्यांनी पूर्ण मान वळवली, नाकाची रेष बाटलीपर्यंत आली तेव्हा त्यांना ती दिसली. मग माझ्याकडे पाहिलं. मला कळलं हे त्यांना कळलं.

"घाम," त्या म्हणाल्या. "डोळ्यात घाम आहे."

"दोन मिनिटं राहिलीत!" डेव्ह ओरडत होता. "नुसती उभी राहा कोच, नुसतं फिरत राहा, पट्टा तुझा आहे!"

"तोंड," त्या मला म्हणाल्या. पहिल्यांदाच आवाजात विनवणी होती. "टाकू नकोस."

घंटा झाली. त्या उठल्या. मी टॉवेल हातात घेतला होता आणि माझा हात हलत नव्हता. वर्षभराचा पोछा, नदीकाठचा सूट, ते 'चायना' लिहिलेलं पोस्टर, सगळं माझ्या मनगटावर बसलं होतं. त्या रिंगच्या मध्याकडे चालत गेल्या. मग मी टाकला.

पंचाने दोन्ही हात हलवले. मग जे सुरू झालं ते मी पुष्कळ मोर्च्यांत ऐकलंय, पण आपल्याच माणसांकडून नाही. कुणी कागदी कप फेकला. कुणी म्हणालं, ह्या पोरीला कुणी घेतलं कोपऱ्यात. डेव्ह माझ्याकडे बघायला तयार नव्हता. फांगबाई मागे वळल्या, माझ्यापाशी आल्या, तोंडातलं, दात जपायचं रबर काढून माझ्या हातावर ठेवलं आणि जाऊन ब्रूकचा हात वर केला. ब्रूक रडत होती. तिला असं जिंकायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटल. पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात औषधी वायूचा बुडबुडा भरला आणि सांगितलं, सात दिवस पालथं झोपायचं, चेहरा जमिनीकडे, जेवतानासुद्धा. बुडबुडा वर चढून पडद्याला दाबून धरतो म्हणे. डोळा वाचेल की नाही ते त्यावर. फांगबाई एका खोलीत एकट्या राहायच्या. आईने माझं मत विचारलं नाही. "आपल्या घरी आण तिला," म्हणाली. "तू खाली गादी घाल."

मला वाटलं होतं, त्या येणार नाहीत. त्या आल्या. पण माझ्याशी बोलल्या नाहीत. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आईशी मात्र सगळं चालायचं. आई ताट जमिनीवर ठेवायची आणि स्वतः शेजारी आडवी व्हायची, चेहरा त्यांच्या चेहऱ्यापाशी यावा म्हणून. साठी उलटलेली माझी आई, कार्पेटवर आडवी, आणि एकाही भाषेचा आधार नसताना दोघींचं तासन् तास चाललेलं. आई शाळेतल्या पोरांच्या खोड्या सांगायची, त्या बहुधा गुडघ्याबद्दल सांगायच्या. "लय सोसलं बाई हिनं," आई मला म्हणायची. मी विचारायचे, तुला काय कळलं? "न कळायला काय झालं?"

आणि मी चिडले होते, खरं सांगते. ज्या माणसाने तुमचा डोळा वाचवला असेल, तोही तुमच्याच सांगण्यावरून, त्याच्याशी असं वागायचं? पाचव्या दिवशी कामावरून आले, मोजे काढत त्यांच्या गादीपाशी उभी राहिले आणि तोंडावर विचारणारच होते.

खालून आवाज आला, "वजन टाचेवर आहे."

पाच दिवस त्या आमचे पायच बघत होत्या. दुसरं काही दिसणार कुठून?

मी वजन पुढे घेतलं. "तुम्ही माझ्यावर रागावलात," मी म्हणाले. "टॉवेल टाकला म्हणून."

"नाही."

"मग?"

"उशिरा टाकलास म्हणून." त्या जमिनीशी बोलत होत्या. "तीन पावलं. मी मोजली. तीन पावलांत ब्रूक दोन ठोसे मारते."

मी हातातल्या मोज्यांची गुंडाळी केली.

"मी विचार करत होते," मी म्हणाले. "तुम्हाला तो पट्टा किती हवा होता त्याचा."

"माहीत आहे. मीसुद्धा." त्या म्हणाल्या, "मला हवा होता, म्हणून तर तुला उभं केलं. विचार करायचं काम माझं होतं. तुझं नाही." मग त्यांनी चाचपडत हात पुढे केला, माझा घोटा धरला आणि पाऊल दोन इंच बाहेर सरकवलं. "असं. परत."

लोकांना मी आजवर सांगत आले की थांबवणं हे सोपं काम, लढणं अवघड. मोर्चा काढणारे आम्ही, थांबा म्हणणाऱ्यांना भित्रे समजतो. हातात टॉवेल घेऊन ती तीन पावलं बघितल्यापासून मी हे वाक्य कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. हे मला फांगबाईंनी दिलं. आणखी खूप काही दिलं, पण हे कुणी दुसऱ्याने दिलं नसतं.

डेव्ह आठव्या दिवशी आला, घरात शिरताना हनुवटी खाली घालून. माझ्याशी हात मिळवला. ब्रूकने ख्राइस्टचर्चहून पत्र पाठवलं. पट्टा पाठवायची तयारी होती तिची. फांगबाईंनी कळवलं, नको. तुझी खालची लाथ अजून चांगली होऊ शकते, उजवा पाय उशिरा येतो.

दोन महिन्यांनी डोळ्याची शेवटची मोठी तपासणी होती. त्यांचं उत्तरेकडच्या टौरंगा शहरात जायचं ठरलं होतं. तिथे कुणीतरी मुलींचा वर्ग सुरू करत होतं, आणि लढणारी नाही, शिकवणारी बाई हवी होती. जायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात त्यांच्यासोबत मीच होते. बाहेर बसल्या बसल्या त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, टीममध्ये असताना डोळ्यांचा तक्ता सगळ्या मुली पाठ करायच्या. तिकडे तक्त्यावर एकच अक्षर असतं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तोंड केलेलं, दिशा सांगायची. "वर, डावी, डावी, खाली. मला अजून येतं. चष्मा लागला तर टीममधून काढायचे. मी कधीच एक चूक केली नाही."

आत तंत्रज्ञ मुलीने उजव्या डोळ्यावर झाकण धरायला दिलं. समोर इंग्रजी अक्षरं. डाव्या डोळ्याने त्यांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीत एक अक्षर चुकलं, बाकीची बरोबर. चौथीवर थांबल्या.

"अंदाजाने सांगा ना," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "बहुतेक लोक सांगतात."

फांगबाई तक्त्याकडे बघत राहिल्या. त्यांचा जबडा आवळलेला मला बाजूने दिसत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "दिसत नाही. असं लिही."

मुलीने लिहिलं. त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं, जॅकेट उचललं आणि माझ्यासाठी न थांबता दाराकडे निघाल्या. डावा हात थोडा पुढे, बोटं उघडी. ती चौकटीला लागली, क्षणभर तिच्यावर टेकली, आणि त्या बाहेर गेल्या.